मैदानावर रोबोट गाडीने कापलेले अंतर कसे मोजावे

सिमेंटच्या गच्चीवर दहा मीटर अचूक मोजणारी गाडी शाळेच्या मुरमाच्या मैदानावर नेली, की तेच दहा मीटर तिच्या हिशेबात साडेदहाच्या घरात जातात. गाडी बिघडलेली नसते आणि प्रोग्रॅमही चुकलेला नसतो. चाक खरोखरच तेवढे जास्त फिरलेले असते. आपण मोजतो ते चाकाचे फिरणे, आणि आपल्याला हवे असते ते जमिनीवरचे अंतर. या दोहोंतला फरक ओळखून तो आटोक्यात आणणे, हाच या कामाचा खरा भाग आहे. सेन्सर जोडून त्याचे पल्स, म्हणजे चाक फिरताना येणारे चालू-बंद संकेत, मोजू लागणे एका संध्याकाळी होते. त्या आकड्यावर भरवसा ठेवता यावा यासाठी मात्र टेप, दोरी, वही आणि मोकळ्या दोन-तीन सकाळी लागतात.

ज्यांनी नुकतीच पहिली गाडी जोडली आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. संच म्हणून मिळणारी नेहमीची गाडी येथे गृहीत धरली आहे: अ‍ॅक्रिलिकचा पाट, पिवळ्या गिअरच्या दोन मोटरी, ६५ मिलिमीटर व्यासाची रबरी चाके, मागे एक लहान फिरते चाक, मोटरींना वीज पुरवणारा एल२९८एन हा मोटर ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम चालवणारा अर्डुइनो उनो हा बोर्ड. दुसरा बोर्ड किंवा दुसरी चाके असली, तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

सुरुवातीलाच दोन वाटा बाजूला ठेवाव्यात. पहिली म्हणजे वेळेवरून अंतर काढणे. गाडी सेकंदाला ४० सेंमी जाते, म्हणून २५ सेकंद चालवली की १० मीटर झाले, हा हिशेब ताज्या बॅटरीवर आणि घरातल्या फरशीवर कसाबसा जमतो. बाहेर थोडा चढ आला, गवत आले किंवा बॅटरी उतरली की वेग बदलतो आणि हिशेब कोसळतो. शिवाय एल२९८एन स्वतःच सुमारे २ व्होल्ट खातो, त्यामुळे बॅटरी थोडी उतरली तरी मोटरीला ते लगेच जाणवते. दुसरी वाट म्हणजे एमपीयू-६०५० सारख्या प्रवेगमापकाने मोजलेल्या प्रवेगावरून दोनदा बेरीज करत अंतर काढणे. कागदावर ते बरोबर आहे, पण सेन्सरच्या शून्यात दर सेकंद वर्गाला अवघी एक सेंटिमीटरची चूक राहिली, तरी एका मिनिटात ती १८ मीटर होते, आणि या स्वस्त सेन्सरची चूक त्याहून कितीतरी मोठी असू शकते. दिशा ओळखण्यासाठी हा सेन्सर उपयोगी आहे, अंतरासाठी नाही.

पहिली पायरी: चाकाच्या फेऱ्या मोजणे

पिवळ्या मोटरीच्या गिअरपेटीतून दोन्ही बाजूंना आस बाहेर येतो. एका बाजूला चाक बसते आणि दुसऱ्या बाजूला संचात मिळणारी २० खाचांची काळी चकती. दोन्ही टोके एकाच वेगाने फिरत असल्यामुळे चाकाची एक फेरी झाली की चकतीचीही एकच फेरी होते. ही चकती एका लहान सेन्सरच्या खोबणीतून फिरते. खोबणीच्या एका भिंतीत अवरक्त प्रकाश देणारा दिवा असतो आणि समोरच्या भिंतीत तो प्रकाश टिपणारा ट्रान्झिस्टर. खाच समोर आली की प्रकाश पलीकडे पोहोचतो, दात समोर आला की अडतो, आणि सेन्सरवरची एलएम३९३ ही चिप त्याचे चालू-बंद अशा स्वच्छ संकेतात रूपांतर करते. अशा एका चालू-बंदाला आपण एक पल्स म्हणू.

डाव्या चाकाच्या सेन्सरचा संकेत उनोच्या पिन २ वर आणि उजव्या चाकाचा पिन ३ वर द्यावा. याच दोन पिना निवडायचे कारण असे, की उनोमध्ये बाहेरून येणाऱ्या संकेतासाठी खास इंटरप्टची सोय या दोनच पिनांवर आहे. इंटरप्ट म्हणजे पल्स आल्याबरोबर प्रोसेसरने हातातले काम थांबवून आधी मोजणी एकाने वाढवायची आणि मग मूळ कामाकडे परतायचे. नवशिके पुष्कळदा मुख्य लूपमध्ये पिन वाचत राहतात, आणि त्याच लूपमध्ये कुठेतरी अर्ध्या सेकंदाचा डिले घातलेला असतो. त्या अर्ध्या सेकंदातल्या सगळ्या पल्स हरवतात.

प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टींची काळजी घ्यावी. मोजणीचे चल व्होलाटाइल म्हणून जाहीर करावे, नाहीतर कंपायलर जुनीच किंमत वापरत राहू शकतो. आणि ते चल चार बाइटचे असल्यामुळे मुख्य लूपमध्ये वाचताना क्षणभर इंटरप्ट थांबवावेत, त्याची नक्कल करून घ्यावी आणि इंटरप्ट पुन्हा सुरू करावेत. उनोचा प्रोसेसर ८ बिटांचा आहे, तो चार बाइट एका दमात वाचू शकत नाही. दोन बाइट वाचून झाले असताना मध्येच पल्स आली तर अर्धा जुना आणि अर्धा नवा असा भलताच आकडा हाती येतो. ही चूक क्वचित घडते, म्हणूनच ती शोधायला फार त्रास होतो.

आता कागदावरचा हिशेब. चाकाचा व्यास ६५ मिमी, म्हणून परीघ २०४.२ मिमी. एका फेरीत २० पल्स, म्हणजे एका पल्सला १०.२१ मिमी. हा आकडा फक्त सुरुवातीसाठी आहे. पुढे तो आपण टाकूनच देणार आहोत.

दुसरी पायरी: गाडी जमिनीवर ठेवण्याआधी तपासणी

गाडी एखाद्या डब्यावर अशी ठेवावी की चाके अधांतरी राहतील. चाकाच्या कडेला पांढऱ्या रंगाचा एक ठिपका द्यावा आणि त्याच्यासमोर पाटावर एक रेघ मारावी. मोटर बंद ठेवून चाक हाताने सावकाश दहा फेऱ्या फिरवावे. गिअर जड लागतात, म्हणून घाई करू नये. ठिपका दहाव्यांदा रेघेसमोर आला की मोजणी २०० असावी. एकदोनचा फरक चालेल, पण २१५ किंवा २४० आले तर मैदानावर जाण्यात अर्थ नाही.

जास्त पल्स येण्याचे कारण बहुधा एकच असते. खाचेची कडा नेमकी प्रकाशाच्या वाटेत असताना संकेत ना धड चालू असतो ना बंद. त्या क्षणी चकती किंचित थरथरली तरी एका कडेच्या चार-पाच पल्स मोजल्या जातात. यावर सोपा उपाय म्हणजे सेन्सरचा संकेत आणि ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर जोडणे. त्याच्या जोडीला प्रोग्रॅममध्ये अशी अट घालावी, की आधीच्या पल्सनंतर ३ मिलिसेकंदांच्या आत आलेली पल्स मोजायची नाही. गाडी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने पळाली, तरी दोन खऱ्या पल्समध्ये सुमारे २० मिलिसेकंदांचे अंतर असते, त्यामुळे या अटीने खरी पल्स कधी गाळली जात नाही.

दुसरी तपासणी मोटर चालू ठेवून करावी. उजवे चाक हाताने घट्ट धरून फक्त डावी मोटर चालवावी. उजवी मोजणी शून्यावरच राहिली पाहिजे. ती वाढत असेल, तर डाव्या मोटरीच्या ब्रशांची ठिणगी तारांमधून उजव्या संकेतात शिरते आहे. अशा वेळी दोन्ही मोटरींच्या टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर डाखावा, मोटरीच्या तारा एकमेकींभोवती पिळून घ्याव्यात आणि सेन्सरच्या तारा त्यांच्यापासून दूर न्याव्यात. मग बाजू बदलून तीच तपासणी पुन्हा करावी.

ऊन आणि धूळ

घरात उत्तम चालणारा हा सेन्सर उन्हात का अडखळतो, हे समजून घेण्यासारखे आहे. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात. ते खोबणीत तिरपे शिरले की दात समोर असतानाही ट्रान्झिस्टरला प्रकाश दिसत राहतो आणि पल्स बनतच नाही. माझी पहिली गाडी दुपारी बाराला मैदानाच्या मधोमध सरळ पळत होती आणि स्क्रीनवरची उजवी मोजणी ४१२ वर थांबलेली होती. गाडी झाडाच्या सावलीत शिरताच मोजणी पुन्हा सुरू झाली. बॅटरीच्या तारा तपासण्यात गेलेला तो अर्धा तास वाचकांचा वाचावा म्हणून हे लिहिले आहे. सेन्सर आणि चकती यांच्यावर काळ्या पुठ्ठ्याची टोपी करून तिच्या फटी काळ्या इन्सुलेशन टेपने बंद केल्या, की ही अडचण बहुतेक मिटते. त्याच टोपीमुळे मुरमाचे खडे आणि गवताच्या काड्या खाचांत अडकणेही कमी होते. तरीही मैदानावरच्या दर दोन-तीन फेऱ्यांनंतर टोपी उघडून मऊ ब्रशने चकती झाडावी.

ज्यांना नेहमीच बाहेर काम करायचे आहे, त्यांनी प्रकाशाऐवजी चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याला ऊन, धूळ, चिखल यांपैकी कशाचीच बाधा होत नाही. एन२० जातीच्या लहान गिअर मोटरी असा सेन्सर बसवलेल्याही मिळतात. त्यांतले चुंबक गिअरच्या आधीच्या, वेगाने फिरणाऱ्या आसावर असल्यामुळे चाकाच्या एका फेरीत शेकडो पल्स मिळतात, आणि दोन सेन्सर असल्यामुळे चाक पुढे फिरते आहे की मागे हेही कळते. आपल्या २० खाचांच्या एकट्या सेन्सरला दिशा कळत नाही. उतारावर गाडी मागे घरंगळली, तर तो ते अंतरही पुढे गेल्यासारखेच मिळवतो.

तिसरी पायरी: आधाररेषा आखणे

आपल्या गाडीचा प्रत्येक आकडा ज्या एका मोजमापावर उभा राहणार आहे, ते मोजमाप आधी काळजीपूर्वक करावे लागते. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणाऱ्या विल्यम लॅम्टन यांनी १८०२ साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंट येथे शंभर फुटांच्या पोलादी साखळीने सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा मोजली, आणि पुढचे त्रिकोण तिच्यावर रचले. लॅम्टन यांचा मृत्यू १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट येथे झाला आणि त्यांची कबर तिथेच आहे. आपली रेषा दहा मीटरची आहे, पण तिचे काम तेच आहे.

फक्कीने आखलेल्या रेषांवर विसंबू नये. क्रिकेटच्या खेळपट्टीवर दोन्ही बाजूंच्या यष्ट्यांमधले अंतर नियमाप्रमाणे २०.१२ मीटर असते आणि पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ बाय १० मीटर असते, हे खरे. परंतु गावातल्या मैदानावर ती पावलांनी मोजून आखलेली असण्याचा संभव मोठा. हार्डवेअरच्या दुकानात ३० मीटरचा फायबरचा टेप मिळतो, तो आणावा. घरातला ५ मीटरचा पोलादी टेपही चालतो, मात्र तो दोनदा लावताना मधली खूण खडूच्या जाड रेघेने करू नये. जमिनीत खिळा ठोकून त्याच्या मध्यापासून पुढे मोजावे. टेप जमिनीला टेकलेला, ताणलेला आणि सरळ असावा. तो सरळ राहावा म्हणून आधी दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणून घ्यावी आणि तिच्या कडेने टेप लावावा.

जागा निवडताना उतार टाळावा. गाडी उतारावरचे अंतर मोजते, तर नकाशा आडवे अंतर दाखवतो. पाच अंशांच्या उतारावर हा फरक ०.४ टक्के, म्हणजे दहा मीटरला चार सेंटिमीटर एवढाच आहे. पण उतारावर चाक घसरते, आणि तो खरा तोटा आहे.

चौथी पायरी: एका पल्सला किती मिलिमीटर

नवशिके येथे एक चूक हमखास करतात. गाडी बरोबर दहा मीटरच्या खुणेवर थांबावी म्हणून ते धडपडतात, आणि खुणेपाशी एकदम ब्रेक लावल्यामुळे चाके घासत जातात. तसे करण्याची गरज नाही. गाडी दहा मीटरच्या आसपास सावकाश थांबू द्यावी. ती जिथे थांबली तिथे पुढच्या कडेला काटकोन्या किंवा कंपासपेटीतला गुण्या उभा लावून जमिनीवर खूण करावी, आणि सुरुवातीच्या खुणेपासून तिथपर्यंतचे अंतर टेपने मोजावे. सुरुवातीची खूणही गाडीच्या त्याच पुढच्या कडेवरून केलेली असली पाहिजे. मग मिलिमीटरमधल्या अंतराला डाव्या-उजव्या मोजणीच्या सरासरीने भागावे.

समजा, पहिल्या फेरीत गाडी ९.८७ मीटरवर थांबली आणि सरासरी मोजणी ९७८ आली. ९८७० भागिले ९७८, म्हणजे एका पल्सला १०.०९ मिमी. दुसऱ्या फेरीत १०.१४ मीटर आणि १००४ पल्स, म्हणजे १०.१० मिमी. तिसऱ्या फेरीत ९.९३ मीटर आणि ९८५ पल्स, म्हणजे १०.०८ मिमी. अशा किमान पाच फेऱ्या घ्याव्यात आणि त्यांची सरासरी, धरू या १०.०९, हा आपला गुणक मानावा. कागदावरच्या १०.२१ पेक्षा तो एक टक्क्याहून थोडा जास्त कमी आहे. याचा अर्थ ६५ मिमीचे चाक गाडीच्या वजनाखाली दबून जणू ६४.२ मिमीच्या चाकासारखे चालते आहे. म्हणूनच कॅलिपरने चाकाचा व्यास मोजून गुणक काढण्यापेक्षा गाडी चालवून काढणे बरे. पाटावर मोठी बॅटरी किंवा कॅमेरा चढवला की रबर आणखी दबते आणि गुणक पुन्हा काढावा लागतो.

सरासरीइतकेच महत्त्व फेऱ्या-फेऱ्यांतल्या फरकाला द्यावे. वरच्या उदाहरणात सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान गुणक यांत ०.०२ मिमीचाच फरक आहे, म्हणजे ०.२ टक्के. ही गाडी सिमेंटवर १०० मीटरला वीसेक सेंटिमीटरच्या आत राहील असे म्हणता येते. पाच फेऱ्यांचे आकडे इकडेतिकडे उड्या मारत असतील, तर सरासरी काढून पुढे जाऊ नये. दुसऱ्या पायरीवर परतून सेन्सर तपासावा.

गाडी थोडी वाकडी गेली तर काय, असे पुष्कळजण विचारतात. दहा मीटरच्या शेवटी ती दोरीपासून अर्धा मीटर बाजूला गेली असेल, तर सुरुवातीपासून प्रत्यक्ष थांबलेल्या बिंदूपर्यंत तिरपा टेप लावून मोजावे. तिचा खरा कमानदार मार्ग त्या तिरप्या रेषेपेक्षा चार मिलिमीटरच्या आसपास लांब असतो, आणि तेवढे सोडून देता येते. नागमोडी गेलेली फेरी मात्र रद्द करावी.

दर जमिनीचा गुणक वेगळा

आता गाडी मुरमावर न्यावी आणि त्याच पाच फेऱ्या पुन्हा घ्याव्यात. समजा, सरासरी ९.७२ मिमी आली आणि फेऱ्यांचे गुणक ९.५६ पासून ९.९१ पर्यंत पसरले. यातून दोन वेगळ्या गोष्टी दिसतात. सिमेंटचा १०.०९ हा गुणक येथे वापरला असता, तर खऱ्या १० मीटरचे १०.३८ मीटर झाले असते. ही चूक दर वेळी एकाच बाजूला होते आणि मुरमाचा गुणक वापरला की ती जाते. पण फेऱ्यांमधला साडेतीन टक्क्यांचा पसारा कोणत्याही गुणकाने जात नाही. खडीचा एखादा दाणा चाकाखाली फिरला, मऊ जागी चाक जागच्या जागी घुमले, असे जे दर वेळी निराळे घडते, त्याचा तो पसारा आहे. आपले मोजमाप या जमिनीवर तेवढेच विश्वासार्ह आहे, हे तिथे मान्य करावे आणि वहीत तसेच लिहावे.

घसरणे कमी करण्याचे उपाय साधे आहेत. एकदम पूर्ण वेगाने निघू नये. मोटरीचा वेग अर्ध्या सेकंदात हळूहळू चढवावा आणि तसाच उतरवावा. जड बॅटरी मोटरीवर चालणाऱ्या चाकांच्या बरोबर वर ठेवावी. पहाटे दव पडलेल्या हिरवळीवर मोजणी करू नये. चार मोटरींची गाडी असेल, तर तिला वळणासाठी बाजूची चाके ओढत, घासत न्यावीच लागतात, त्यामुळे अशा गाडीचे सरळ चालीतले अंतर ठीक येते आणि वळणातले फसवे येते.

गवत किंवा वाळू यांवर मोजायचेच असेल, तर मोकळे चाक

मोटरीचे चाक घसरते, कारण ते जमिनीला मागे ढकलत असते. ज्या चाकाला मोटर नाही, ते केवळ गाडीबरोबर घरंगळते आणि त्याला घसरण्याचे कारण फारसे उरत नाही. रस्त्याचे अंतर मोजणारे लोक दांड्याला लावलेले चाक हाताने ढकलत नेतात, ते याच तत्त्वावर चालते. आपल्या गाडीलाही असे एक चाक लावता येते, आणि माझ्या मते बाहेरच्या कामात याच्याइतका फायदा दुसऱ्या कोणत्याही सुधारणेने होत नाही.

सुमारे १०० मिमी व्यासाचे हलके चाक बेअरिंगवर बसवावे. त्याच्या एका अंगाला, मध्यापासून सारख्या अंतरावर, ६० अंशांच्या फरकाने सहा छोटे चुंबक चिकटवावेत. समोर ए३१४४ हा हॉल सेन्सर दोन-तीन मिलिमीटर अंतर ठेवून बसवावा. हा सेन्सर चुंबकाच्या एकाच ध्रुवाला दाद देतो, म्हणून दक्षिण ध्रुव त्याच्या छापील बाजूकडे यावा. चिकटवण्याआधी प्रत्येक चुंबक सेन्सरसमोर धरून पाहावा आणि बरोबर बाजूवर पेनाने खूण करावी. त्याच्या संकेताच्या पायाला १० किलोओहमचा पुल-अप, म्हणजे तो पाय आणि पुरवठ्याचे व्होल्टेज यांच्यामध्ये जोडलेला रेझिस्टर, लागतो. त्याला स्वतःला चालायला किमान ४.५ व्होल्ट हवेत. उनोवर त्याची अडचण नाही, पण ३.३ व्होल्टच्या ईएसपी३२ या बोर्डावर सेन्सरला ५ व्होल्ट द्यावेत आणि पुल-अप मात्र ३.३ व्होल्टला जोडावा.

अशा चाकाचा परीघ ३१४ मिमी आणि पल्सला सुमारे ५२ मिमी. हे पाहून काही जणांना मोजमाप ढोबळ झाले असे वाटते. परंतु ही पाच सेंटिमीटरची अनिश्चितता फक्त सुरुवातीला आणि शेवटी येते. अंतर १० मीटर असो वा २०० मीटर, ती वाढत नाही. घसरण्याची चूक मात्र दर मीटरला साचत जाते. बारीक पण खोट्या पल्सपेक्षा जाड पण खऱ्या पल्स केव्हाही बऱ्या.

बसवण्याची जागा महत्त्वाची आहे. हे चाक गाडीच्या मागे लांब लावले, तर वळताना ते आडवे घासते. दोन्ही चालत्या चाकांच्या आसाच्या रेषेत, बरोबर मध्यावर ते यावे, म्हणजे ते गाडीच्या मध्याचाच मार्ग मोजेल. त्याचा दांडा बिजागरीने वर-खाली हलू द्यावा, म्हणजे खड्ड्यावरही चाक जमीन सोडणार नाही. दांड्यावर दोन-चार नट बांधून थोडे वजन द्यावे, पण इतके नाही की चालती चाके उचलली जातील. शेवटी याही चाकाचा गुणक आधाररेषेवर पाच फेऱ्या घेऊन काढावाच.

वळणांचा हिशेब

गाडीच्या मध्याने कापलेले अंतर म्हणजे डाव्या आणि उजव्या चाकाच्या अंतरांची सरासरी. गाडी किती वळली हे काढण्यासाठी उजव्या आणि डाव्या अंतरातला फरक घेऊन त्याला दोन चाकांमधल्या अंतराने भागावे. उत्तर रेडियनमध्ये मिळते; एक रेडियन म्हणजे सुमारे ५७.३ अंश. येथे चाके सारखी असण्याला किती महत्त्व आहे, ते एका उदाहरणाने पाहू. एक चाक ६५ मिमी आणि दुसरे ६४.५ मिमी आहे, आणि चाकांमधले अंतर १३ सेंमी आहे. दोन्ही चाके सारख्याच फेऱ्या फिरली, तर दहा मीटरमध्ये एक चाक पावणेआठ सेंटिमीटर मागे पडते आणि गाडी तब्बल ३४ अंश वळते. म्हणून चौथ्या पायरीत दोन्ही चाकांचे आकडे स्वतंत्रही लिहून ठेवावेत.

जीपीएसचा उपयोग कुठे

निओ-६एम हे जीपीएस मॉड्यूल स्वस्त आहे आणि बाहेर मोजायचे म्हटल्यावर पहिला विचार त्याचाच येतो. मोकळ्या आकाशाखाली त्याची आडवी अचूकता २.५ मीटर सांगितली जाते, म्हणजे निम्मी वाचने खऱ्या जागेपासून तेवढ्या अंतराच्या आत येतात आणि उरलेली निम्मी बाहेर. दहा मीटरच्या अंगणात हे निरुपयोगी आहे. खात्री करून घ्यायची असेल, तर मॉड्यूल गच्चीच्या कठड्यावर स्थिर ठेवून दहा मिनिटे दर सेकंदाच्या वाचनांमधली अंतरे मिळवत जावे. मॉड्यूल जागचे हललेले नसताना बेरीज वाढतच जाते.

दोनशे-चारशे मीटरच्या सरळ चालीत मात्र जीपीएस आपल्या मोजणीची चांगली ताडपडताळणी करतो. त्यासाठी सुरुवातीला आणि शेवटी गाडी दोन-तीन मिनिटे उभी ठेवून वाचनांची सरासरी घ्यावी आणि त्या दोन सरासरी बिंदूंमधले अंतर काढावे. वळणावळणाच्या मार्गावर, आधी धरलेल्या बिंदूपासून किमान पाच मीटर दूर गेल्याशिवाय नवा बिंदू धरू नये. उंच इमारती आणि दाट झाडे यांच्याजवळ वाचने भरकटतात.

उनोवर आणखी एक सापळा आहे. तिथे दशांश संख्या साठवण्याचे फ्लोट आणि डबल हे दोन्ही प्रकार ३२ बिटांचेच असतात, आणि महाराष्ट्रातला ७२ ते ८१ अंशांमधला रेखांश त्यात साठवला की लागोपाठच्या दोन शक्य किमतींमध्ये ०.०००००७६ अंशांचे अंतर राहते. पुण्याच्या अक्षांशावर ते जमिनीवर सुमारे ८० सेंमी होतात. म्हणून अंशांना एक कोटीने गुणून येणारी पूर्ण संख्या लाँग या पूर्णांकाच्या प्रकारात ठेवावी. मग एक एकक म्हणजे सेंटिमीटरभर अंतर होते. वजाबाकी पूर्णांकातच करावी आणि नंतर मीटर काढावेत.

शेवटची पायरी: न वापरलेल्या मार्गावर परीक्षा

ज्या रेषेवर गुणक काढला, त्याच रेषेवर गाडी पुन्हा बरोबर आली, तर त्यातून काही सिद्ध होत नाही. परीक्षेसाठी नवा मार्ग घ्यावा. मिशिगन विद्यापीठातल्या बोरेनस्टाइन आणि फेंग यांनी १९९० च्या दशकात चाकांच्या रोबोटसाठी एक कसोटी मांडली, ती आपल्याला मैदानावर सहज करता येते. चार मीटर बाजूचा चौरस आखावा, गाडी त्यावरून पाच वेळा घड्याळाच्या दिशेने आणि पाच वेळा उलट दिशेने फिरवावी, आणि दर वेळी ती सुरुवातीच्या खुणेपासून किती दूर थांबली ते टेपने मोजून गाडीने स्वतः सांगितलेल्या जागेशी ताडून पाहावे. दोन्ही दिशा आवश्यक आहेत, कारण असमान चाके आणि चाकांमधले चुकीचे धरलेले अंतर या दोन चुका एका दिशेने फिरताना एकमेकींना झाकू शकतात. उलट दिशेने फिरवल्यावर त्याच दोन्ही चुका एकत्र येऊन उघड्या पडतात.

वहीत प्रत्येक फेरीसाठी तारीख, वेळ, जमिनीचा प्रकार, ऊन की सावली, गाडीचे वजन, फेरीपूर्वीचे बॅटरीचे व्होल्टेज, डावी मोजणी, उजवी मोजणी आणि टेपचे अंतर, असे रकाने आखावेत. रद्द केलेल्या फेऱ्याही खोडू नयेत; त्यांच्यापुढे कारण लिहावे. चाके बदलली, पाटावर काही चढवले किंवा पावसाळ्यानंतर मैदान नव्याने दाबले गेले, की आधाररेषेवर पुन्हा पाच फेऱ्या घेऊन नवा गुणक त्या तारखेसह लिहावा.